एकाच रेपोच्या अनेक वर्कट्री आणि पुन्हापुन्हा येणारे तेच एरर

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, रेपो म्हणजे त्या इतिहासासकट प्रोजेक्टचं फोल्डर, कमिट म्हणजे इतिहासातली एक पक्की नोंद, ब्रँच म्हणजे कामाची एक वेगळी वाट, आणि वर्कट्री म्हणजे त्याच रेपोला जोडलेलं, दुसरी ब्रँच उघडून ठेवायचं वेगळं फोल्डर. आधी लक्षणं. तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते ताडून बघा, कारण उपाय त्यावर ठरतो.

– ब्रँच बदलायला जाता आणि गिट अडवतं: ही ब्रँच 'ऑलरेडी चेक्ड आउट अ‍ॅट' अमुक फोल्डर. नव्या आवृत्त्यांत शब्द थोडे वेगळे असतात, 'ऑलरेडी यूज्ड बाय वर्कट्री अ‍ॅट'. गंमत म्हणजे तो अमुक फोल्डर तुम्ही कधीच डिलीट केलेला असतो.
– नवी वर्कट्री जोडताना 'मिसिंग बट ऑलरेडी रजिस्टर्ड वर्कट्री'.
– ब्रँच डिलीट होत नाही. कुठेतरी वापरात आहे म्हणे.
– फोल्डर जागेवर आहे, आतल्या फाइली उघडतात, पण कुठलीही कमांड दिली की 'नॉट अ गिट रिपॉझिटरी'.
– 'गिट स्टेटस' असे बदल दाखवतं जे तुम्ही केलेलेच नाहीत, तेही स्टेज झालेले (पुढच्या कमिटसाठी निवडलेले), हिरव्या रंगात. हे लक्षण असेल तर काहीही कमिट करू नका आणि थेट खाली 'न केलेले बदल' या भागाकडे जा.
– नव्या वर्कट्रीत कोड सगळा आला, अ‍ॅप मात्र सुरू होत नाही.
– 'गिट फेच' (सर्व्हरवरचं नवं आणणं) मुकाट्याने पूर्ण होतं, पण सर्व्हरवरच्या नव्या ब्रँच दिसत नाहीत.

मी ऐरोलीत एका टीमचं रिलीजचं काम बघते. वर्कट्री आमच्याकडे सगळेच वापरतात: चालू फीचर एका फोल्डरमध्ये, ग्राहकाकडे गेलेल्या आवृत्तीची दुरुस्ती दुसऱ्यात, आणि कुणाचा तरी कोड तपासायला तिसरा. कळव्याहून येणारा एखादा ज्युनियर ट्रान्सहार्बर लोकलमधूनच मेसेज टाकतो, "ताई, ब्रँच अडकलीय, आल्यावर जरा बघाल का?" बहुतेक वेळा जागेवर पोचायच्या आत काम होऊन जातं, कारण आजार ठरलेला आहे. खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आतली रचना, थोडक्यात

वर्कट्रीची सोय गिटच्या २.५ या आवृत्तीत, जुलै २०१५ मध्ये आली. मुख्य रेपोत डॉट गिट नावाचं फोल्डर असतं, ते तुम्हाला माहीत आहेच. जोडलेल्या वर्कट्रीत मात्र डॉट गिट हे फोल्डर नसून एक छोटी फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडून बघा, आत एकच ओळ सापडेल: मुख्य रेपोतल्या डॉट गिटमधल्या 'वर्कट्रीज' फोल्डरचा पत्ता, आणि त्यापुढे या वर्कट्रीचं नाव. मुख्य रेपोतही त्या नावाचं एक फोल्डर असतं. त्यात या वर्कट्रीचं स्वतःचं हेड (सध्या कोणत्या ब्रँचवर किंवा कमिटवर आहे ती खूण), स्वतःचा इंडेक्स (पुढच्या कमिटमध्ये जाणाऱ्या फाइलींची यादी), स्वतःचा रिफलॉग (हेड कुठून कुठे गेलं त्याची नोंदवही) आणि उलटा पत्ता, म्हणजे वर्कट्री डिस्कवर कुठे आहे ते लिहिलेलं असतं.

म्हणजे दोन चिठ्ठ्या, एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या. आणि साधारणपणे पूर्ण पत्ता लिहिलेल्या, ड्राइव्हपासून सुरू होणाऱ्या.

सोसायटीच्या रजिस्टरात भाडेकरूचं नाव असतं. तो कुणाला न सांगता रातोरात सामान हलवून गेला, तरी सेक्रेटरी नाव खोडेपर्यंत रजिस्टरच्या लेखी फ्लॅट भरलेलाच. वरच्या यादीतली पहिली चार लक्षणं बहुतेक वेळा अशीच उगवतात: कुणीतरी फाइल एक्सप्लोररमधून फोल्डर उडवलं, त्याचं नाव बदललं किंवा ते दुसऱ्या ड्राइव्हवर नेलं, आणि गिटला सांगितलं नाही. हल्ली यात एक नवीन भर आहे. कोड लिहून देणारे एआय एजंट कधीकधी प्रत्येक कामासाठी वेगळी वर्कट्री उघडतात आणि जाताना आवरून जातातच असं नाही.

तपासणी १: आपण नक्की कुठे आहोत?

फुकट, आणि दोन सेकंदांची. तरीही लोक हीच गाळतात. चार टर्मिनल उघडी असली की चुकीच्या फोल्डरमध्ये कमांड देणं फार सोपं आहे.

`गिट रेव्ह-पार्स --शो-टॉपलेव्हल`

हा कोणत्या वर्कट्रीत उभे आहात ते सांगतो. सोबत 'गिट ब्रँच --शो-करंट' आणि 'गिट व्हर्जन' बघून घ्या. व्हर्जन का? कारण वर्कट्रीच्या उपकमांड एकदम आलेल्या नाहीत. रिमूव्ह आणि मूव्ह २.१७ मध्ये, म्हणजे २०१८ साली आल्या, आणि रिपेअर २.२९ मध्ये, ऑक्टोबर २०२० मध्ये. जुन्या सर्व्हरवर किंवा वर्षानुवर्षं न हललेल्या बिल्ड मशीनवर तुम्ही रिपेअर मारलंत तर गिट नुसती वापराची माहिती छापेल आणि तुम्हाला वाटेल आपलंच काही चुकतंय.

तपासणी २: यादी वाचा

`गिट वर्कट्री लिस्ट`

ही कुठल्याही वर्कट्रीतून चालते. प्रत्येक ओळीत पत्ता, कमिटचा आकडा आणि ब्रँच. पहिली ओळ मुख्य रेपोची. बऱ्यापैकी नवी आवृत्ती असेल तर काही ओळींच्या शेवटी 'प्रूनेबल' (काढून टाकण्याजोगी नोंद) किंवा 'लॉक्ड' असाही शेरा दिसतो.

एकेक पत्ता डिस्कवर खरंच आहे का ते बघा. तीन शक्यता निघतात. पत्ता आहे आणि ब्रँचही तिथेच आहे, मग गिट खरं बोलतंय. त्या फोल्डरमध्ये जाऊन काम करा किंवा तिथली ब्रँच बदला. पत्ताच नाही, मग तपासणी ३. फोल्डर आहे पण दुसऱ्या जागी, मग तपासणी ४.

एक चौथा प्रकारही भेटतो: यादीत त्या वर्कट्रीपुढे ब्रँचचं नाव नाही, 'डिटॅच्ड हेड' (कुठल्याच ब्रँचवर नसलेलं, सुटं हेड) लिहिलंय, तरीही गिट म्हणतं ब्रँच वापरात आहे. तिथे बहुधा रिबेस (ब्रँचचे कमिट नव्या पायावर पुन्हा मांडणं) अर्धवट राहिलेला असतो, क्वचित बायसेक्ट (बग कोणत्या कमिटपासून आला त्याचा शोध). रिबेस चालू असताना हेड सुटं दिसतं, पण ती ब्रँच त्याच वर्कट्रीच्या ताब्यात असते. तिथे जाऊन 'गिट स्टेटस' करा, तो स्पष्ट सांगेल. रिबेस पूर्ण करा किंवा '--अबॉर्ट' ने सोडून द्या. जेवायला जाताना अर्धवट सोडलेला रिबेस दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

तपासणी ३: फोल्डर गेलंय, नोंद राहिलीय

सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. आधी कोरडी चाचणी:

`गिट वर्कट्री प्रून -एन -व्ही`

कोणती नोंद का काढली जाईल ते हा छापतो, काढत काही नाही. छापलेली प्रत्येक ओळ वाचा. पटलं तर मग 'गिट वर्कट्री प्रून'. ब्रँच मोकळी होते आणि पहिली तीन लक्षणं जातात.

कोरडी चाचणी का, यावर जरा थांबते. गिट आपणहून साफसफाई करतं तेव्हा हरवलेल्या वर्कट्रीला तीन महिन्यांची मुदत देतं. तुम्ही हाताने प्रून मारता तेव्हा ही मुदत नसते. पत्त्यावर फोल्डर दिसलं नाही की नोंद लगेच जाते. आणि 'दिसलं नाही' याचा अर्थ 'डिलीट झालं' असाच होतो असं नाही. वर्कट्री बाहेरच्या एसएसडीवर असेल आणि ती एसएसडी ठाण्यात घरी टेबलावर राहिली असेल, नेटवर्क ड्राइव्ह जोडलेला नसेल, तरी गिटच्या दृष्टीने ते फोल्डर नाहीच.

विंडोज आणि डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) दोन्ही वापरणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. विंडोजच्या गिटने केलेल्या वर्कट्रीच्या चिठ्ठीत पत्ता 'सी कोलन'ने सुरू होतो. डब्ल्यूएसएलमधल्या गिटला तेच फोल्डर '/एमएनटी/सी' खाली दिसतं, म्हणून तो जुना पत्ता त्याला खोटा वाटतो. तिथून प्रून मारलंत की चांगल्या, चालू वर्कट्रींच्या नोंदी उडतात. एका रेपोला एकच गिट ठेवा, ही माझी टीममधली अट आहे आणि त्यावरून मी वाईटपणाही घेतलाय.

जी वर्कट्री अधूनमधून गायब असणार हे माहीत आहे, तिला कुलूप लावा:

`गिट वर्कट्री लॉक --रीझन "बाहेरच्या एसएसडीवर" फोल्डरचा-पत्ता`

लॉक असेपर्यंत प्रून तिला हात लावत नाही. कारण लिहायचा आळस करू नका. सहा महिन्यांनी कुलूप कुणी आणि का लावलं हे विचारायला त्याच टीममध्ये तुम्ही असालच असं नाही.

'मिसिंग बट ऑलरेडी रजिस्टर्ड' या मेसेजमध्ये गिट स्वतःच 'अ‍ॅड -एफ' (फोर्स, म्हणजे जबरदस्तीने जोडणं) असा मार्गही सुचवतं. तो नियमबाह्य नाही, पण मी प्रूनच सांगते. एकदा हाताला -एफ ची सवय लागली की माणूस ते सगळीकडे मारतो, आणि त्याची किंमत पुढे 'न केलेले बदल' मध्ये दिसेल.

तपासणी ४: फोल्डर हललंय

लॅपटॉप बदलला, प्रोजेक्ट सी ड्राइव्हवरून डी वर नेले, किंवा फोल्डरच्या नावातली मोकळी जागा कुणाला खटकली म्हणून नाव बदललं. कोण हललं यावर उपाय ठरतो.

फक्त मुख्य रेपो हलला असेल तर जोडलेल्या सगळ्या वर्कट्री एकदम 'नॉट अ गिट रिपॉझिटरी' म्हणू लागतात, कारण त्यांच्या चिठ्ठीतला पत्ता जुना. मुख्य रेपोच्या नव्या जागी जाऊन 'गिट वर्कट्री रिपेअर' म्हणा. तो बाकीच्यांच्या चिठ्ठ्या दुरुस्त करतो.

फक्त जोडलेली वर्कट्री हलली असेल तर तिच्या आत कमांड चालत राहतात, त्यामुळे बिघाड कळतच नाही. मुख्य रेपोच्या यादीत मात्र जुना पत्ता राहू शकतो आणि अशा वेळी कुणी प्रून मारलं की नोंद जाते. हललेल्या वर्कट्रीत उभं राहून 'गिट वर्कट्री रिपेअर' केलं की पुरे.

दोन्ही हलले असतील, आणि लॅपटॉप बदलताना हेच होतं, तर मुख्य रेपोत जाऊन रिपेअरपुढे प्रत्येक वर्कट्रीचा नवा पत्ता लिहावा लागतो. नुसतं रिपेअर पुरत नाही. हे न कळल्यामुळे लोक 'रिपेअर चालत नाही' म्हणून सगळं उडवून नव्याने क्लोन करतात (सर्व्हरवरून रेपोची ताजी प्रत घेतात) आणि पुश न केलेल्या, म्हणजे सर्व्हरवर न पाठवलेल्या, ब्रँच घालवून बसतात.

पुढच्या वेळी हलवायचं असेल तर 'गिट वर्कट्री मूव्ह' वापरा. सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो) असलेल्या वर्कट्रीला ते चालत नाही. सबमॉड्यूल आणि अनेक वर्कट्री यांचं गिटमध्ये अजून पुरतं जमलेलं नाही, तिथे वेगळा क्लोनच बरा. २.४८ पासून, म्हणजे जानेवारी २०२५ पासून, पूर्ण पत्त्याऐवजी सापेक्ष पत्ता ठेवायची सोय आली आहे: 'वर्कट्री डॉट यूजरिलेटिव्हपाथ्स' हे सेटिंग. मुख्य रेपो आणि वर्कट्री एकाच वरच्या फोल्डरमध्ये ठेवून ते अख्खं हलवणाऱ्यांसाठी छान आहे. पण ते चालू केलं की जुनी गिट तो रेपो उघडायलाच नकार देते. ज्या आयडीईसोबत (कोड लिहायच्या अ‍ॅपसोबत) आपली वेगळी जुनी गिट येते तिथे आधी खात्री करा.

डॉकरमध्ये (अ‍ॅप वेगळ्या, बंद कंटेनरमध्ये चालवायचं साधन) फक्त वर्कट्रीचं फोल्डर माउंट केलं तरी हेच 'नॉट अ गिट रिपॉझिटरी' येतं. कंटेनरच्या आत मुख्य रेपोचा पत्ताच नसतो. तिथे रिपेअर करू नका. मुख्य रेपोही त्याच पत्त्यावर माउंट करा.

तपासणी ५: वर्कट्री काढता येत नाही

'गिट वर्कट्री रिमूव्ह' नकार देतं तेव्हा आत काहीतरी कमिट न झालेलं आहे. '--फोर्स' जोडायच्या आधी तिथे जाऊन स्टेटस बघा. बहुतेक वेळा लॉग फाइल किंवा कुणीतरी काढलेला स्क्रीनशॉट असतो. कधीकधी मात्र दोन तासांचं काम असतं. लॉक असलेल्या वर्कट्रीला फोर्स दोनदा द्यावा लागतो, आणि ज्यांना हे पाठ आहे त्यांच्या मशीनवर मी जरा सावधपणे बसते.

एक गोष्ट गिट अडवत नाही. वर्कट्री स्वच्छ असली की ती निमूटपणे निघते, मग तिथलं हेड सुटं असलं आणि त्यावर केलेले कमिट कुठल्याच ब्रँचवर नसले तरीही. सुट्या हेडवर काही केलं असेल तर काढण्यापूर्वी त्याला ब्रँचचं नाव द्या. नाही दिलं आणि वर्कट्री गेली, तर तिचा रिफलॉगही सोबत जातो. तरी लगेच हातपाय गाळू नका. मुख्य रेपोत 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड' केलं की लटकलेल्या कमिटचे आकडे मिळतात. 'गिट शो' ने एकेक बघा, आपला सापडला की 'गिट ब्रँच बचाव' पुढे तो आकडा. हे लवकर करा. कशालाच न जोडलेल्या वस्तू गिट साधारण दोन आठवडे ठेवतं, त्यानंतरच्या साफसफाईत त्या जाऊ शकतात. 'गिट जीसी' (हाताने करायची साफसफाई) तर तोवर मुळीच नको.

न केलेले बदल

हा भाग सावकाश वाचा. यातून झालेलं नुकसान कळायलाच बरेच दिवस जातात.

समजा दोन वर्कट्री एकाच 'रिलीज' ब्रँचवर आहेत. गिट हे आपणहून होऊ देत नाही. वर्कट्री जोडताना '--फोर्स' किंवा चेकआउटला '--इग्नोर-अदर-वर्कट्रीज' देऊन ते कुणीतरी घडवून आणलेलं असतं. पहिल्या वर्कट्रीत तुम्ही जीएसटीच्या पूर्णांकाची चूक दुरुस्त करून कमिट केलंत. 'रिलीज' ही खूण आता त्या नव्या कमिटवर गेली. दुसऱ्या वर्कट्रीचं हेडही त्याच खुणेकडे बघतं, पण तिथल्या फाइली आणि इंडेक्स जुनेच आहेत. गिट नव्या कमिटशी जुन्या इंडेक्सची तुलना करतं आणि प्रामाणिकपणे सांगतं: इथे जीएसटीची दुरुस्ती काढून टाकलेली आहे, आणि ती स्टेजही झालेली आहे.

या अवस्थेत कुणी दुसऱ्या वर्कट्रीत आपली एक ओळ बदलून कमिट केली, की त्या कमिटमध्ये दुरुस्ती उलटवलेलीही जाते. कॉन्फ्लिक्ट येत नाही, इशारा येत नाही. मग एक दिवस चाचणीवाले म्हणतात, मागे बंद केलेला बग परत आला, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

दुसऱ्या वर्कट्रीत तुमचं स्वतःचं काही नाही याची शंभर टक्के खात्री असेल तर तिथे 'गिट रिसेट --हार्ड' पुरेसं आहे. खात्री नसेल तर असं करा.

आधी त्या फोल्डरची एक प्रत दुसरीकडे काढा आणि प्रतीतली डॉट गिट फाइल डिलीट करा. ती ठेवलीत तर प्रतही त्याच नोंदीकडे बोट दाखवत राहील आणि गिटचा गोंधळ दुप्पट होईल. मग मूळ दुसऱ्या वर्कट्रीत 'गिट रिफलॉग' बघा. हेडचा रिफलॉग प्रत्येक वर्कट्रीचा वेगळा असतो, म्हणून सगळ्यात वरची ओळ ही वर्कट्री शेवटी खरोखर कुठे होती ते सांगते. तो आकडा घेऊन:

`गिट स्विच --डिटॅच आकडा`

आता स्टेटस बघा. हिरवे परके बदल गेलेले असतील आणि फक्त तुमचे राहिलेले असतील. 'गिट स्विच -सी नवं-नाव' करून ते नव्या ब्रँचवर कमिट करा आणि मग रीतसर रिलीजमध्ये मर्ज करा. स्विच ही कमांड २.२३ पासूनची आहे, त्याआधीच्या गिटवर 'चेकआउट --डिटॅच'.

गिटने स्विच करायला नकार दिला तर अडलेल्या फाइलींत तुम्ही स्वतः काही स्टेज केलेलं आहे. जबरदस्ती करू नका. प्रत आहे, त्या फाइली हाताने ताडून घ्या.

एकाच ब्रँचचा कोड दोन ठिकाणी नुसता बघायला किंवा बिल्ड करायला हवा असेल तर फोर्सची गरजच नाही. 'गिट वर्कट्री अ‍ॅड --डिटॅच' ने त्याच कमिटवर सुटी वर्कट्री मिळते.

याच्याच जवळचा एक किरकोळ प्रकार: स्टॅश, म्हणजे अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवायची जागा. तो सगळ्या वर्कट्रींचा मिळून एकच असतो. एका फोल्डरमध्ये ठेवलेला स्टॅश दुसऱ्यात पॉप झाला तरीही 'मी न केलेले बदल' दिसतात. स्टॅश करताना मेसेज लिहा, एवढंच.

अ‍ॅप सुरू होत नाही

इथे गिटचा काही दोष नाही. नव्या वर्कट्रीत फक्त गिटच्या नजरेतल्या फाइली येतात. डॉट ईएनव्ही (अ‍ॅपच्या सेटिंगची फाइल), नोड मॉड्यूल्स (उतरवलेली पॅकेज), पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, लोकल सेटिंग, हे सगळं इग्नोर यादीतलं, म्हणून येत नाही. डॉट ईएनव्ही हाताने आणा आणि पॅकेज नव्याने इन्स्टॉल करा. पायथनचं एन्व्हायर्नमेंट कॉपी करू नका, त्यात जुने पत्ते कोरलेले असतात. सुरू झालं पण 'पोर्ट वापरात' म्हणालं तर दुसऱ्या वर्कट्रीतला सर्व्हर चालू आहे, एकाचा पोर्ट बदला. आणि दोन्ही डॉट ईएनव्ही एकाच डेटाबेसकडे बघत असतील तर एका ब्रँचचं मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) दुसरीला पाडतं.

टेस्ट दुप्पट चालत असतील तर वर्कट्री मुख्य रेपोच्या पोटात केलेली आहे का बघा. ती शेजारी ठेवावी, आत नको.

फेच होतं, ब्रँच दिसत नाहीत

'क्लोन --बेअर' (कामाच्या फाइलींशिवाय नुसता इतिहास असलेला क्लोन) करून त्याभोवती वर्कट्री मांडणाऱ्यांना हे होतंच. बेअर क्लोनमध्ये ओरिजिनच्या (जिथून क्लोन केलं त्या सर्व्हरवरच्या रेपोच्या) ब्रँच कुठे नोंदवायच्या हा नियम, म्हणजे 'रिमोट डॉट ओरिजिन डॉट फेच' हे सेटिंग, लिहिलेलंच नसतं. साध्या क्लोनच्या कॉन्फिग फाइलमधली फेचची ओळ उघडून बघा आणि तशीच्या तशी बेअरच्या कॉन्फिगमध्ये ओरिजिनच्या खाली टाका. पुन्हा फेच करा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पावसाळ्यात घरून काम करताना वीज जाते आणि डेस्कटॉप धाडकन बंद होतो. परत चालू केल्यावर 'इंडेक्स डॉट लॉक' चा एरर आला तर घाबरण्यासारखं नाही. दुसरं गिट किंवा आयडीई चालू नाही ना ते बघा आणि मेसेजमध्ये दिलेल्या पत्त्यावरची ती फाइल काढा. जोडलेल्या वर्कट्रीची ती फाइल मुख्य रेपोत, 'वर्कट्रीज' खाली असते, लोक चुकीच्या फोल्डरमध्ये शोधत बसतात.

पण 'ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी', 'लूज ऑब्जेक्ट करप्ट' असं काही आलं, तर पुढे काही टाइप करू नका. मुख्य रेपोचं अख्खं फोल्डर, सगळ्या वर्कट्रींसकट, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि टीममधल्या गिटच्या जाणकाराला बोलवा. पुश केलेलं सगळं सर्व्हरवर सुरक्षित आहे. प्रश्न फक्त न पुश केलेल्या कामाचा असतो, आणि ते काम प्रूनने, जीसीने किंवा इंटरनेटवरून उचललेल्या कमांडने जास्त बिघडतं.

डिस्क आवाज करतेय, कॉपी करताना इनपुट-आउटपुट एरर येतोय, तर हा गिटचा विषयच राहिला नाही. मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. फोल्डर डिलीट झालं आणि आतलं काम कमिटही नव्हतं, स्टेजही नव्हतं, तर गिटकडे त्याची प्रत नाही. रिसायकल बिन बघा, आयडीईची लोकल हिस्टरी बघा. व्हीएस कोड आणि जेटब्रेन्स दोन्हींत ती असते आणि तिने बऱ्याच जणांची संध्याकाळ वाचवलेली आहे. एसएसडीवरून पुसलेल्या फाइली परत मिळायची आशा मात्र फार धरू नका.

'ड्युबियस ओनरशिप' असा मेसेज आला तर ते फोल्डर दुसऱ्या युजरच्या मालकीचं आहे. २०२२ मध्ये एका सुरक्षेच्या त्रुटीनंतर गिटने ही तपासणी घातली. तुमच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवरचं फोल्डर असेल तर 'सेफ डॉट डिरेक्टरी' मध्ये तेवढा एक पत्ता घाला. सामायिक सर्व्हर असेल तर आयटीवाल्यांना विचारा. तिथे तारांकन टाकून सगळंच सुरक्षित ठरवणं म्हणजे तपासणी बंद करणं. आणि वर सांगितलेला उलटवलेला कमिट सर्व्हरवर पुश झाला असेल, त्यावर इतरांनी काम केलं असेल, तर एकट्याने फोर्स पुश करून इतिहास नीट करायला जाऊ नका. रेपो सांभाळणाऱ्याला सांगा, तो रिव्हर्ट करेल.

बोलावताना हे सोबत पाठवा: गिटचं व्हर्जन, वर्कट्री लिस्टचं पूर्ण आउटपुट, एररची अख्खी ओळ (फोटो नको, मजकूर), त्या वर्कट्रीतल्या डॉट गिट फाइलमध्ये लिहिलेला पत्ता, आणि त्याआधी तुम्ही दिलेल्या शेवटच्या दहा-पंधरा कमांड. लाज वाटून त्यातल्या फोर्सवाल्या गाळू नका, समोरचा सगळ्यात आधी त्याच शोधतो.